बिनकठड्याचा जिना

इमारतीपासून चमच्यापर्यंत त्यांनी काय केलं नव्हतं ते विचारा. नाट्यगृहं केली, शाळा केल्या, बँकेच्या दारावरची अक्षरं काढली, दिवे, खुर्च्या, पडद्यांच्या कापडावरची नक्षी, झालंच तर एका चहाच्या कपाचा कान. तो कान पसंत पडेपर्यंत कारखान्यातल्या माणसांच्या नाकी नऊ आले होते. साइटवरची माणसं त्यांना पाठीमागे मिलिमीटरसाहेब म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

स्वतःच्या घरात बाजारातली वस्तू आणायची नाही, हा त्यांचा दंडक. दाराच्या मुठी, साबण ठेवायची थाळी, सगळं त्यांच्या हातचं. आणि या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे जिना. भिंतीतून एकेक फळी बाहेर आलेली, खाली आधार नाही, बाजूला कठडा नाही. मासिकांत त्याचे फोटो छापून आले. विद्यार्थी बघायला येत. बायको चहाचा ट्रे घेऊन त्याच जिन्यावरून वर जायची आणि विद्यार्थी म्हणायचे, वा! ते जिन्याला म्हणायचे, हे सांगायला नकोच.

त्याच जिन्यावरून ती पडली. खुबा मोडला. वय सत्तरीच्या पुढचं. ऑपरेशन झालं, मग चालण्याचा सराव करून घेणाऱ्या केंद्रात तिला हलवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगून टाकलं, "घरी जिन्याला कठडा बसवा आणि घेऊन जा. त्याशिवाय मी सोडणार नाही."

मुलगी म्हणाली, "बाबा, स्टीलचा पाइप मिळतो. माणूस येऊन एका दुपारी बसवून जाईल."

"पाइप?" घासात खडा लागावा तसा साहेबांचा चेहरा झाला. "त्या जिन्याला? अगं, तुझी आई रोज धरणार तो. तिच्या हाताला शोभेल असा करतो. मीच करतो."

यात खोटं काही नव्हतं. बायकोवर त्यांचा जीव होता. फक्त तो आधी कागदावर उतरायचा आणि मग जमलंच तर माणसापर्यंत पोचायचा. तिच्या मुठीचा ठसा त्यांनी मातीत घेतला. कठडा लाकडाचा केला, तर सांधा दिसला. पितळेचा केला, तर हाताला गार लागला. पितळेवर कातडं चढवलं, तर शिवण नेमकी अंगठ्याखाली आली. सुतार मेटाकुटीला आला. साहेब मात्र शीळ घालायला लागले होते. किती वर्षांत कुणी काम दिलं नव्हतं त्यांना! बायको तिकडे पलंगावर आणि नवरा इकडे शीळ घालतोय. मुलीला काय वाटलं असेल ते तिचं तिला माहीत.

सुरुवातीला बायको विचारायची, "झाला का हो कठडा?" मग ते खिशातून पेन्सिल काढून तिला नवं वळण समजावून द्यायचे. पुढे तिनं विचारणं सोडलं. साहेबांच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

अखेर कठडा झाला. खोटं कशाला बोला, सुंदर झाला. नुसता हात ठेवला की पाऊल आपोआप पुढे पडावं असा. साहेब एकटेच त्याला धरून वर-खाली करून आले, मग गाडी काढली आणि केंद्र गाठलं.

बायको खोलीत नव्हती. बाहेरच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये ती भिंतीला ठोकलेला निळा प्लास्टिकचा दांडा धरून चालत होती, मागून मुलगी. दांडा अगदी ओबडधोबड, स्क्रूची तोंडं वर आलेली. पण बाई नर्सशी काहीबाही बोलून हसत चालली होती, एकदाही पायाकडे न बघता.

"चल, झाला एकदाचा," साहेब म्हणाले. "घरी जाऊ."

ती खोलीत येऊन खिडकीशी बसली. मुलगी उगाच पांघरुणाच्या घड्या करायला लागली.

"मी येत नाही," बायको म्हणाली. "मागच्या इमारतीत कायमची राहायची सोय आहे. हिच्याबरोबर जाऊन बघून आले. नाव नोंदवलंय."

"अगं, पण कठडा..."

"चांगलाच असेल. तुमचं कधी काही वाईट असतं का?" ती म्हणाली. "अहो, त्या घरात आल्यापासून मी जपून चालतेय. ही पोटात होती तेव्हा एकेक पायरी बसून उतरायचे. तुम्हाला म्हटलं होतं, धरायला काहीतरी लावा. तुम्ही म्हणालात, रेषा बिघडेल."

साहेबांना हे आठवेना. खूप आठवून पाहिलं. त्या काळातल्या जिन्याच्या फळीची जाडी आठवत होती, हे नाही.

"मग मीच इकडे येतो," ते म्हणाले. "तुझ्याशिवाय त्या घरात मी काय करू? एक पलंग टाकायचा. मला दुसरं काही नको."

"नका हो येऊ," ती म्हणाली आणि आता मात्र तिचे डोळे भरून आले. "आठ दिवसांत इथली दारं, खुर्च्या बदलायला घ्याल. मग मी पुन्हा तुमच्याच घरात."

"मी? छे! अगं, तुझी शपथ..." ते म्हणाले आणि शपथ अर्धीच राहिली. ती बोलत होती तेवढ्या वेळात, तिच्या मागची खिडकी चार बोटं खाली हवी होती, हे त्यांचं ठरूनही गेलं होतं.