क्लचचा पाय

बारक्या पंचेचाळिशीला आला, कपाळ मागे सरकलं, हाताखाली माणसं आली, तरी घरात तो बारक्याच राहिला. कामाच्या जागी मात्र त्याला सगळे सर म्हणत. कामाची जागा म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला प्लास्टरची पिंपं, दुसऱ्या टोकाला भट्टी आणि मधल्या भिंतीवर ओळीनं टांगलेले पाय. नवखा माणूस ते बघून दारातच थबकायचा. बारक्याला त्याचं काही वाटत नसे. चपलांच्या दुकानात चपला दिसणार, तसे इथे पाय दिसणार.

त्याच्या हाताला गुण होता, यात वाद नाही. पण त्याच्या कामातली खरी गंमत माप घेण्याआधी सुरू व्हायची. ज्या उस्तादाकडे तो शिकला, त्यानं त्याला एक सवय लावून दिली होती. माणूस आला की आधी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसायचं, टेप खिशात ठेवायची आणि विचारायचं, पाय मिळाल्यावर पहिलं काय करायचंय? भीती कशाची वाटते? आणि झोपेत, स्वप्नात, पाय असतो का? उस्ताद म्हणायचा, "पायाचं माप कुणीही घेईल रे. चालायचं माणसाला असतं."

त्यामुळे झालं असं, की बारक्याला गिऱ्हाइकांची नावं कधी लक्षात राहिली नाहीत. त्याच्या लेखी एक 'नातीला कडेवर घेणारी' होती, एक 'जिन्याला भिणारा' होता, एक 'स्वप्नात बूट शोधणारा' होता. रस्त्यात कुणी हात केला की हा नुसता हसायचा आणि मनात म्हणायचा, हिला आपली चाल आरशात मागून कशी दिसते याची धास्ती. बायको म्हणायची, "कमाल आहे तुमची. लोकांची नावं ठाऊक नाहीत आणि स्वप्नं तोंडपाठ!"

मग दादाचा पाय गेला.

दादा म्हणजे बारक्याचा थोरला भाऊ. वडील गेले तेव्हा दादाला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. त्यानं शाळा सोडून ट्रकचं स्टिअरिंग धरलं ते केस पांढरे होईपर्यंत. घाट, धुकं, पुराचं पाणी, काय काय बघितलं असेल. बारक्या शिकला तो त्या ट्रकच्या जिवावर. 'दादाला भीती म्हणजे काय ते माहीतच नाही,' हे वाक्य घरात इतक्या वेळा म्हटलं जायचं, की ते खरं आहे का असा प्रश्न पडायला जागाच उरली नव्हती. एके दिवशी माल उतरवताना एक भली मोठी पेटी घसरून त्याच्या डाव्या पायावर आली. जखम चिघळली आणि डॉक्टरांनी पाय गुडघ्याखाली काढला.

दवाखान्याच्या जिन्यातच बारक्यानं सगळ्यांदेखत छाती ठोकून सांगितलं, "दादाला परत ट्रकवर बसवला नाही, तर नाव लावणार नाही!" पुतण्याचे, म्हणजे दादाच्या मुलाचे, डोळे भरून आले. त्या दिवसापासून तो ट्रक धुऊनपुसून अंगणात तयार ठेवू लागला.  वहिनी डब्याचं झाकण घट्ट बसवत होती.

दादा माप द्यायला आला, तेव्हा बारक्यानं स्टूल ओढलं नाही. थेट टेपच काढली. विचारायचं कशाला? परक्याला विचारतात. दादाला काय हवंय हे त्याच्याहून कोण जास्त जाणणार! तो स्वतः ट्रकमध्ये चढून बसला, क्लच किती दाबावा लागतो ते बघून आला. घोटा असा घट्ट केला की दाबला तर डगमगू नये. चवडा निमुळता ठेवला, पेडलखाली अडकायला नको. तळव्याला रबर लावलं. असा पाय त्यानं जन्मात बनवला नव्हता. खरं सांगायचं तर स्वतःवर जरा खूशच होता.

दादानं पाय घातला आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. पुतण्यानं फोनवर ओळखीच्या ड्रायव्हरांना कळवूनही टाकलं. दादा घरी गेला आणि तो पाय कपाटामागे उभा राहिला तो राहिलाच.

"टोचतोय रे," दादा म्हणाला.

बारक्यानं आतून घासून दिला. काही दिवसांनी परत तेच. त्यानं आतलं अस्तर बदललं. तरी टोचतोय. शेवटी त्यानं अख्खा साचा नवीन काढला, रविवारची सुट्टी सोडून, चिडचिड करत. दादा पुन्हा आला, कुबड्या टेकत, पाय पिशवीत घालून.

"कुठे टोचतोय?"

"इथे. नाही, थोडं वर. असाच सगळीकडे."

बारक्यानं दिवा खाली ओढून बघितलं. टोचणाऱ्या पायाची एक खूण असते, कातडी लाल होते, वळ उठतो, कुठे तरी चकाकते. दादाची कातडी कशी स्वच्छ होती. हा पाय कुणी तासभरही घातलेला नव्हता. बारक्याला कळायला वेळ लागला, कारण तशी कल्पनाच त्याला कधी करावी लागली नव्हती. दादा खोटं बोलत होता.

तेव्हा कुठे त्यानं स्टूल ओढलं. टेप खिशात टाकली.

"दादा, पाय मिळाल्यावर पहिलं काय करायचंय तुला?"

"हे काय आता नवीन?"

"सगळ्यांना विचारतो मी."

"मग मला नाही विचारलंस ते?"

"तू दादा आहेस म्हणून."

दादानं भिंतीवरच्या पायांकडे बघितलं. 

"तुझ्या वहिनीबरोबर भाजी आणायला जायचंय," तो म्हणाला. "हसू नकोस. जन्मभर मी बाहेर गाडीत बसून हॉर्न वाजवला आणि ती धावतपळत आली. आत जाऊन एकदा बघायचंय, एवढा वेळ करते तरी काय. टोमॅटो दाबून बघायचे, परत ठेवायचे. पुढच्या दुकानात जायचं. घाई म्हणून करायची नाही."

बारक्या हसला नाही. सवयीनं त्यानं पुढचा प्रश्न विचारला.

"भीती कशाची वाटते?"

"तू एवढा चांगला पाय बनवलास, त्याचीच."

"म्हणजे?"

"हा घातला की ट्रकवर बसावं लागणार ना!" दादाचा आवाज एकदम चढला आणि तसाच खाली आला. "पहिल्या दिवसापासून, बारक्या. किल्ली फिरवली की पोटात गोळा. उतार लागला की तोंडाला कोरड. म्हटलं, होईल सवय. कसली होतेय! इतकी वर्षं झाली, कालच चालवायला बसल्यासारखं वाटायचं."

"कधी बोलला नाहीस."

"कुणाला बोलू? तुला? तू गणितं सोडवत बसलेला असायचास."

 तरी बारक्यानं पुढचं विचारलं, कारण अर्ध्यावर सोडायची उस्तादाची शिकवण नव्हती.

"स्वप्नात पाय असतो?"

"असतो की. क्लचवर असतो. घाटाचा उतार असतो, ब्रेक लागत नसतो आणि मागे तुम्ही सगळे बसलेले असता, आईसुद्धा." दादानं पँटचा मोकळा पाय उगाच झटकला. "हल्ली कमी पडतं ते स्वप्न. पाय काढला ना, त्यानंतर दवाखान्यात मी जसा झोपलो, तसा लहानपणानंतर कधी झोपलो नव्हतो. डॉक्टरांना वाटलं औषधाचा गुण."

बारक्याला लाज वाटली, दुसरा शब्द नाही. वाटेल त्या परक्याच्या मनातलं त्यानं काढून घेतलं होतं आणि ज्यानं वाढवलं त्या माणसाची एवढी साधी गोष्ट त्याला ठाऊक नव्हती. वर हौसेनं तीच भीती त्यानं घट्ट घोट्यासकट बनवून दिली होती.

"घोटा बदलून देतो," तो म्हणाला. "मऊ टाच लावतो. तासन् तास उभा राहशील."

"ते दे. पण आणखी एक कर. पोराला सांग, क्लच दाबणारा पाय बनत नाही म्हणून."

"बनलाय की, दादा!"

"नाही बनला म्हण. मी सांगितलं तर तो का म्हणून विचारेल."

बारक्याच्या नजरेसमोर ते सगळे ड्रायव्हर आले, ज्यांना पुतण्यानं फोन केले होते. आयुष्यात एकदाच असं काम हातून झालं होतं आणि नेमकं तेच नाही झालं म्हणायचं होतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सगळे दादाच्या घरी जेवायला बसले. दादा नव्या पायावर चालत येऊन बसला होता. पुतण्यानं ट्रकचा विषय काढला, तसा बारक्यानं घास खाली ठेवला.

"ट्रकचं नाही जमायचं रे. भाजीबाजारापर्यंत ठीक आहे. घोट्यात क्लचपुरता जोर येत नाही."

"पण काका, तुम्ही तर म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो. बढाई मारली."

"मग दुसरीकडे दाखवू कुणाला तरी."

"दाखवा. पण मला नाही जमलं."

पुतण्याचं तोंड उतरलं. बारक्याचे कान तापले. त्यात दादानं भाजी वाढून घेत शांतपणे म्हणावं, "जाऊ दे रे पोरा, प्रत्येकाला सगळं येतंच असं नाही. जेव तू." हे जरा जास्तच होतं. बारक्यानं त्याच्याकडे रोखून बघितलं. दादा ताटात बघत होता, पण त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"मग ट्रक काढून टाका," वहिनी म्हणाली.

ती इतक्या पटकन म्हणाली, की पुतण्यानं चमकून वर बघितलं. "अगं आई, जरा विचार तरी..."

"झालाय विचार."

जेवणं उरकल्यावर बारक्या भांडी आत नेऊन ठेवायला गेला. वहिनी नळाशी उभी होती.

"भाऊजी, पाय जमला होता ना?"

खोटं बोलायचा त्याचा आजचा साठा संपला होता. "हो," तो म्हणाला.

वहिनीनं मान हलवली. "झोपेत ह्यांचा पाय गादीवर दाबला जायचा. लग्न झालं तेव्हापासून. आधी मी दचकून उठायचे, मग सवय झाली."

"तुम्ही विचारलं नाहीत कधी?"

वहिनीनं नळ बंद केला.

"विचारलं असतं आणि ह्यांनी खरं सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर आपण सगळे खाणार काय होतो, भाऊजी?"