थेंबमास्तरचा डगला

थर्मामीटरच्या कारखान्यात, पारा भरण्याच्या खोलीत, त्याला सगळे थेंबमास्तर म्हणत. केसाएवढ्या बारीक काचनळीत पारा चढवताना त्याच्या हातून थेंब सांडत नाही, अशी ख्याती. आता ती जुनी झाली होती. वर्षभर त्याचा कप बशीवर खडखडत होता आणि दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं. दर तीन महिन्यांनी कामगारांची लघवी तपासत. पारा मर्यादेबाहेर गेला की माणूस थेट पॅकिंगला. मागच्या खेपेला मास्तर कसाबसा सुटला होता. आपण ज्यांना शिकवलं त्यांच्यादेखत खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसायचं, या विचाराने त्याला घास गिळवेना.

"माझी घेऊन जा की," बायको म्हणाली. "बाटलीला काय कळतंय कुणाची ते? इतकी वर्षं तुमचं सगळं मीच निस्तरतेय, त्यात हे एक."

मास्तर हसला. त्याला पटलंही. ती कारखान्याची पायरी कधी चढली नव्हती. तिच्याइतकं निर्मळ पाणी कुणाचं असणार?

नर्स बाटली हातात धरून ती गरम आहे का ते बघते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्याने ती काखेत धरून नेली, संडासात नळ सोडून जरा वेळ काढला आणि बाहेर येऊन टेबलावर ठेवली. "बरं आहे ना?" नर्सने सहज विचारलं.

"माझीच आहे," मास्तर म्हणाला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. नर्सने मान वर करून पाहिलं नाही, हे त्याचं नशीब.

दहा दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं. कारखान्याचे डॉक्टर मितभाषी गृहस्थ, पण आज त्यांनी स्वतः उठून दार लावलं.

"तुमच्या खोलीत सगळ्यांत वाईट आकडा तुमचा आहे, मास्तर. मर्यादेच्या चौपट. मूत्रपिंडांना मार बसलाय. आज काम बंद, उद्या भरती व्हायचं. हे झालं कसं? मुखपट्टी लावता ना? डगला इथल्या धोबीखान्यात देता ना?"

डगले धोबीखान्यातच द्यायचे, असा नियम होता. भिंतीवर लिहिलेला होता, म्हणजे कुणी वाचत नव्हतं. धोबीखान्यातून डगला मळकट यायचा, शिवाय तो आपलाच असेल याची खात्री नाही. मास्तर आपला डगला घरी न्यायचा. चौदा वर्षं बायको तो मोठ्या पातेल्यात सोडा घालून शेगडीवर उकळत होती. वाऱ्याने जाळ विझतो म्हणून खिडकी लावून, शेजारी बसून, काठीने ढवळत. पारा भरण्याच्या अख्ख्या खोलीत थेंबमास्तरइतका पांढरा डगला कुणाचा नव्हता आणि त्याला त्याचा केवढा तोरा होता.

"घरी उकळतो," तो पुटपुटला.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "डगल्यातला पारा साधा उघड्यावरसुद्धा उडतो. तुम्ही त्याची वाफ करता? बंद खोलीत? वास नाही, रंग नाही, नुसता श्वास घेत राहायचं. कोण उकळतं?"

मग मास्तरला एकेक आठवायला लागलं. बायको हल्ली कारण नसताना रडायची. मीठ दोनदा घालायची. गेल्या महिन्यात तिच्या हातून तीन कप फुटले, तेव्हा "म्हातारी झालीस" म्हणून त्यानेच चिडवलं होतं, आणि ती बिचारी हसलीही होती. त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की डोळे वर करवेनात. कबूल करावं तर फसवणुकीबद्दल आजच घरी बसवतील. गप्प राहावं तर औषध त्याला मिळेल आणि ती पातेल्यापाशी बसून राहील.

"डॉक्टर, ती बाटली माझी नव्हती," तो म्हणाला. "बायकोची होती."

डॉक्टरांनी विचारलं, "त्या कुठल्या खात्यात आहेत?"

"ती घरी असते."

डॉक्टर म्हणाले, "उद्या सकाळी त्यांना घेऊन या. त्यांचे हात थरथरत असतील तर ते कमी होईल कदाचित. मूत्रपिंडांचं मी आत्ता सांगू शकत नाही. आणि जे तुम्ही केलंत ते मला वर कळवावंच लागेल."

"कळवा."

तो भरदुपारी घरी आला, तर स्वयंपाकघरात पातेलं चढलेलं. त्याने काही न बोलता शेगडी बंद केली, खिडकी उघडली आणि तिला दंड धरून ओसरीवर आणलं.

"अहो, झालो का पास आपण?" तिने विचारलं.

मास्तरने सांगितलं. आकडा, वाफ, चौदा वर्षं, नोकरी, उद्याची भरती. काही हातचं राखलं नाही. बोलताना तो रडला, आणि तिने त्याला रडू दिलं. मग तिने स्वतःचे दोन्ही हात पुढे धरून थोडा वेळ पाहिले, आणि पदराखाली घेतले.

"म्हणजे तुमच्यात किती आहे," ती म्हणाली, "ते या खेपेला कुणी बघितलंच नाही?"