झटकण्याआधीचा आकडा

मी एक जुना थर्मामीटर आहे. या घरात लेक जन्मली, त्या वर्षी मला विकत आणलं. मित्रांनो, मी काचेचा, पोटात पारा, अंगावर बारीक रेघा. लेकीचा गोवर मी मोजला, परीक्षेच्या दिवशीचा खोटा तापही मीच उघडा पाडला. "हा खोटं बोलत नाही," असं तिचे वडील कौतुकाने म्हणत. ते घड्याळं दुरुस्त करत, म्हणून सगळे त्यांना घड्याळजी म्हणत. घरातले बारीक आकडे वाचायचं काम त्यांचंच.

लेक सासरी गेली आणि मी कपाटात पडून राहिलो. मग घड्याळजींच्या यकृतात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टरांनी बरगडीखालून सुई घालून उष्णतेने ती जाळली. घरी सोडताना त्यांनी बजावलं, "दोन-चार दिवस कणकण राहील. आठवड्यानंतरही ताप असला, थंडी वाजली, तर लगेच या. जळलेल्या जागी पू होऊ शकतो."

नवव्या दिवशी माझा पारा एकशे दोनवर गेला. घड्याळजींनी मला निरखून पाहिलं आणि जोरात झटकलं.

"किती आला?" लेकीच्या आईने, बाईंनी, चष्मा शोधत विचारलं.

"अठ्ठ्याण्णव. तुझ्या चहाइतकाच गार."

"मग अंगावर दोन पांघरुणं कशाला?"

"म्हातारा झालो आता. लग्नात तरणा होतो."

बाई हसल्या. त्या स्वयंपाकघरात गेल्यावर ते मला डबीत ठेवत पुटपुटले, "पोरीचे दिवस भरलेत. कळलं तर तशीच धावत येईल. आधी सुखरूप मोकळी होऊ दे."

पुढचे चार दिवस हेच चाललं. मी दर वेळी खरा आकडा दाखवला आणि दर वेळी त्यांनी तो झटकला.

चौदाव्या दिवशी त्यांना अशी हुडहुडी भरली की हातातला पेला निसटला. त्यांनी ताप मोजताच, झटकण्याआधी, बाईंनी मला त्यांच्या हातातून हिसकावलं, चष्मा लावला. एकशे चार.

दवाखान्यात नळी घालून पू काढला. पण तोवर जंतू रक्तात पसरले होते. डॉक्टर एवढंच म्हणाले, "आठवडा उलटला तेव्हाच यायचं होतं."

मित्रांनो, आता मला कोणी वापरत नाही. बाईंना माझ्याकडे बघवत नाही. तुम्हाला हात जोडायला मला हात नाहीत. एकच मागणं आहे. आजाऱ्याच्या शब्दावर विसंबू नका. माझ्यासारख्याला झटकण्याआधी आकडा स्वतः वाचा.

नात मंगळवारी जन्मली. घड्याळजी त्याआधीच, रविवारी दुपारी गेले.