पंतांचे डोळे

तिने अंधाऱ्या खोलीच्या दारावर टकटक केली. आत फिरत्या खुर्चीत बसलेलं माकड दचकून जागं झालं असावं, कारण कॅमेऱ्याने टिपलेली त्याच्या डोळ्यांच्या हालचालीची रेघ बाहेरच्या पडद्यावर लगेच उसळली. खुर्ची उजवीकडे वळली की डोळे डावीकडे, खुर्ची डावीकडे की डोळे उजवीकडे. तोल सांभाळणारा आतला कान शाबूत असला की असंच होतं.

चेहरा कायम कुणाचीतरी तक्रार ऐकून घेतल्यासारखा, म्हणून माकडाला सगळे पंत म्हणत. मागच्या आठवड्यात हीच रेघ जवळजवळ आडवी पडली होती. पंतांचा कान कामातून गेला, असं तिनेच सांगून टाकलं होतं. असं जनावर प्रयोगशाळेत ठेवत नसत. उद्या पंतांना शेवटची सुई द्यायची होती. आज सकाळी मात्र तिने 'एकदा परत बघू' म्हणून हट्ट धरला.

"छान की," मागून मॅडम म्हणाल्या. "मग मागच्या वेळी काय झालं? टकटक केली नव्हतीस? अंधारात डुलकी लागली की डोळे मंदावतात, पहिल्याच दिवशी सांगितलंय."

मागच्या वेळी ती दाराला टेकून फोनवर भाचीचे फोटो बघत बसली होती.

"केली होती," ती म्हणाली. "कॅमेऱ्याचा स्क्रू सैल होता बहुतेक. माप चुकलं."

मॅडम यंत्रं सांभाळणाऱ्या काकांकडे वळल्या.

"काय हो काका? एका स्क्रूपायी पंत जिवानिशी गेले असते."

काका ओशाळले. "राहिला असेल मॅडम. हाताला पूर्वीसारखा जोर नाही."

"मग पंतांना लावा कामाला, तुम्ही बसा खुर्चीत," असं म्हणत मॅडम सुई रद्द करायला केबिनमध्ये गेल्या.

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

काकांनी पंतांना पिंजऱ्यात सोडलं. खिशातून पेचकस काढून ते कॅमेऱ्याचा एकेक स्क्रू तपासू लागले. एकही जागचा हलला नाही. त्यांनी मान वर केली.

"ताई, कुठला होता सैल?"

तिने बोट दाखवलं. मधल्याकडे.

काकांनी मधल्या स्क्रूवर पेचकस टेकवला. मनगट न फिरवता थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग केबिनकडे तोंड करून म्हणाले,

"घट्ट केला हो, मॅडम."