वाघोबांचा निवाडा

माझी सगळी नोकरी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात गेली. लोक प्रश्न घेऊन यायचे आणि मी त्यांना पुस्तकं काढून द्यायचो. उत्तर मात्र मी क्वचितच दिलं. "बहुतेक असं असावं, पण एकदा ताडून पाहा," हे माझं ठरलेलं वाक्य. कुणी टेबलापाशी "स्वच्छतागृह कुठे आहे?" म्हणून विचारलं तरी माझ्या तोंडून "बहुतेक डावीकडे" असंच निघायचं.

निवृत्तीनंतर घरी प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही. बायको घरीच शिवणकाम करते. तिला काही अडलं की ती फोनला विचारते. मी समोर बसलेला असतो, मला उत्तर येत असतं, मी घसाही खाकरतो. ती म्हणते, "थांबा हो, बघतेय ना मी."

एकदा मुलगी आली तेव्हा तिच्याकडे थोडं रडगाणं गायलो. तिने माझा फोन ओढून घेतला आणि मला एका साईटवर नेऊन सोडलं. तिथे जगभरातले लोक प्रश्न टाकतात आणि रिकामे लोक उत्तरं देतात.

"बाबा, नाव काय घालू?"

"बघू. विचार करून सांगतो."

"तुमचा विचार होईपर्यंत मी म्हातारी होईन. वाघोबा घालते."

त्या साईटवर उत्तरासाठी एक चौकट असते. तीत ठरावीकच अक्षरं मावतात. पहिलाच प्रश्न शाईच्या डागाचा होता. मी लिहिलं, 'माझी माहिती तोकडी आहे, चुकीचीही असू शकेल, पण बहुतेक दुधात भिजवल्यास फरक पडावा, मात्र चोळणं कदाचित योग्य ठरणार नाही.' चौकटीखालचा आकडा लाल झाला, म्हणजे मावेना. मी एकेक शब्द काढत गेलो. शेवटी उरलं: 'दुधात भिजवा. लगेच. चोळू नका.'

वाचून मीच दचकलो. लोकांना मात्र ते फार आवडलं. 'याला म्हणतात उत्तर!' असं कुणीतरी खाली लिहिलं. महिन्याभरात वाघोबांचं बरं नाव झालं. फोन विकत घेण्यापासून लग्न मोडण्यापर्यंत लोक वाघोबांना विचारू लागले.

मग एके सकाळी बायको कापडावर खडूने रेघ मारता मारता म्हणाली, "दुधात भिजवायचं असतं."

"काय?"

"शाईचा डाग. नेटवर एक वाघोबा म्हणून आहेत, त्यांनी सांगितलंय."

"मी तुला हेच पूर्वी सांगितलं होतं."

"तुम्ही 'बहुतेक' म्हणाला होतात. गिऱ्हाइकाचा सदरा मी 'बहुतेक'वर भिजवू?"

त्या दिवसापासून आमच्या घरात वाघोबांचं राज्य सुरू झालं. कात्रीला धार, गुडघ्याला शेक, खिडकीला पडदा, सगळं त्यांच्या शब्दाने. मी तिला खरं सांगितलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ती माझं ऐकत होती. सांगितलं तर थांबली असती.

आणि मग तो प्रश्न आला. विचारणारीचं नाव होतं 'सुईदोरा'.

'घरात एक वयस्कर गृहस्थ आहेत. स्वभावाने गरीब. पण मधल्या खोलीची अख्खी भिंत त्यांनी पुस्तकांनी अडवली आहे. मला कापड बेतायला लांब टेबल हवं आहे. सध्या जेवणाच्या टेबलावर बेतते आणि जेवायच्या वेळी सगळं उचलते. गृहस्थ "बघू" म्हणतात. कधीपासून बघतच आहेत. पुस्तकं रद्दीत द्यावीत का? उत्तर फक्त वाघोबांनी द्यावं.'

ते गृहस्थ म्हणजे मीच. पण पुढच्याच क्षणी लक्षात आलं, निकाल माझ्याच हातात आहे! मी झपाझप लिहिलं, 'पुस्तकांना हात लावू नका.' पाठवणार, तोच समोर पाहिलं. बायको जेवणाच्या टेबलावर कोटाचं कापड पसरून वाकली होती. बाहीला मिठाची बाटली लागत होती, ती तिने कोपराने सरकवली. कंबरेला हात लावून सरळ झाली, पुन्हा वाकली.

प्रश्न अगदी मुद्देसूद मांडला होता, हे कबूल करायला हवं. नोकरीत मी कधी एकाच बाजूचं पुस्तक काढून दिलं नाही. मी लिहिलेलं पुसलं आणि नवं लिहिलं: 'भिंत रिकामी करा. आजच. गृहस्थांना विचारू नका. निम्मी पुस्तकं मात्र त्यांना दुसरीकडे ठेवू द्या.' आणि मन बदलायच्या आत पाठवून टाकलं.

घाईत लाल आकड्याकडे पाहायचं राहिलं. तसंच पाठवलं की जादा अक्षरं चौकट मुकाट्याने गिळते, हे मला तेव्हा कळलं. छापून आलं ते एवढंच: 'भिंत रिकामी करा. आजच. गृहस्थांना विचारू नका.'

बायकोने फोनवर ते वाचलं, रद्दीवाल्याला निरोप धाडला आणि कात्री खाली ठेवली. मधल्या खोलीत जाऊन तिने पहिला कप्पा खाली उतरवायला घेतला.

"अगं, हे काय?"

"तुम्हाला विचारायचं नाहीये."

"कोण म्हणतं?"

"वाघोबा."

"हा वाघोबा स्वतःला समजतो कोण?" मी ओरडलो. एवढ्या मोठ्याने मी पूर्वी कधी ओरडलो होतो की नाही, आठवत नाही. "ना ओळख ना पाळख, आणि लोकांच्या घरात नाक खुपसतो! मूर्ख माणूस!"

"त्यांच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. संध्याकाळी रद्दीवाला येतोय."

आता मात्र मला राहवेना. "अगं, वाघोबा मीच आहे!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती पुस्तकांच्या ढिगावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"तुम्ही? अहो, तुम्हाला चहात साखर किती विचारली तर तुम्ही कालची आठवता!"

"थांब, दाखवतोच." फोन काढला. घाईघाईत नको तिथे बोट पडलं आणि साईटने मला बाहेर काढलं. पासवर्ड विचारला. तो मुलीने घातला होता आणि फोनच्या भरवशावर आम्ही दोघंही विसरलो होतो. 'विसरलात?' वर बोट ठेवलं, तर समोर प्रश्न आला: 'तुमचं आवडतं पुस्तक कोणतं?'

"घ्या!" बायको म्हणाली. "हे तर येईल ना?"

मी 'शब्दकोश' लिहिलं. चूक. भिंतीकडे पाहिलं. वाळवंटातून चालत गेलेल्या बाईचं प्रवासवर्णन? ते लिहिताना वाटलं, मुंग्यांवरचं पुस्तक का नको? मुंग्यांचं खाली काढलं, त्यातलं एक पान वाचलं, मग दुसरं.

"अहो!"

प्रवासवर्णन चूक. मुंग्याही चूक. फोनने दार लावून घेतलं आणि उद्या या म्हणाला.

"झालं?" बायकोने ढिगावरून उठून माझ्या हातातलं मुंग्यांचं पुस्तक काढून घेतलं. "एवढी भिंत अडवलीत, आणि त्यातलं आवडतं एक पुस्तक सांगता येत नाही. मग ठेवायची कशाला?"

"एक सांगता येत नाही म्हणूनच सगळी ठेवलीत!"

तिच्या हातात मुंग्यांचं पुस्तक तसंच राहिलं.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता म्हणालात ते. त्यात 'बहुतेक' नव्हतं."

मी परत म्हटलं. जरा हळू, पण म्हटलं.

"अगदी वाघोबांसारखं बोललात हो," ती म्हणाली, आणि रद्दीवाल्याला येऊ नको म्हणून कळवलं. "पण भिंत रिकामी होणार म्हणजे होणार. त्यांचा शब्द आहे."

भिंत रिकामी झाली. पुस्तकांचे सारख्या उंचीचे चार बुरूज रचून त्यांवर आम्ही कपाटाची फळी टाकली. उरलेली पुस्तकं मधे भरली. टेबल छान झालं, बायकोला वाकावंही लागत नाही. मला एखादं पुस्तक हवं असेल तर तेवढ्याच जाडीचं दुसरं आधी सरकवावं लागतं, आणि तिची परवानगी लागते.

वाघोबा गप्प झाले. मी रोज एखादं पुस्तक आठवून लिहायचो आणि फोन रोज उद्या या म्हणायचा. बायको काळजीत पडली.

"वाघोबांना बरं नसेल का हो?"

"असेल बरं."

"तोवर तुम्हीच सांगा. अस्तर आधी धुवून घेऊ की नको?"

"घे."

ती धुवून घ्यायची.

परवा ती सुईत दोरा ओवत होती. सहज म्हणाली, "खरंच, तुमचं आवडतं पुस्तक कोणतं हो?"

"बहुतेक शब्दकोश," मी म्हणालो, आणि लक्षात आलं: खातं उघडताना मुलीने विचारलं असेल तेव्हाही मी हेच म्हणालो असणार, आणि तिने ते तसंच घातलं असणार.

आत जाऊन फोन उघडला आणि ते दोन्ही शब्द जसेच्या तसे लिहिले. दार उघडलं. आत सुईदोराचा निरोप पडलेला होता.

'वाघोबा, कुठे आहात? तुमच्यामागे घरच्याच माणसाला विचारावं लागतंय. तसे तेही बरं सांगतात. घाई नाही, सावकाश या.'

बाहेरून हाक आली, "अहो, या कोटाला बटणं काळी लावू की तपकिरी?"

मी फोन उशीखाली सरकवला.

"तपकिरी," मी म्हणालो.