रुळलेले बूट

टॉर्च नको, कारण टॉर्च मिळते. पाण्याची बाटली नको, तीही मिळते. चाकू, मोजे, दोरी, सुईदोऱ्याची डबी, सगळं मिळतं. सैन्यातल्या मुलानं फोनवर बापाचा एकेक बेत मोडीत काढला, तोही इतक्या गोडीनं की बापाला रागावतासुद्धा येईना.

"मग तुला लागतं तरी काय रे?"

"काही नको, बाबा. सामान वजन करून नेऊ देतात."

"तरी पण. पहिल्यांदा देशाबाहेर चाललायस."

"फिरायला नाही चाललोय."

हे तो हसून बोलला. बाप हसला नाही. फिरायला नाही, हेच तर छातीवर येऊन बसलं होतं. तुकडी ज्या देशात चालली होती त्याचं नाव घरात कुणी काढत नसे. टीव्हीवर ते आलं की आई चॅनेल बदलायची आणि मग उगाच कुणा बाईला फोडणी टाकताना बघत बसायची.

बाप पत्रे कापायच्या कारखान्यात मशीनवर होता. मुलाला सायकल शिकवली ती मामानं. पोहायला शिकवलं तेही मामानं. गणित आईनं घेतलं. भरतीच्या वेळी पहाटे मैदानावर त्याच्याबरोबर धावला तो शेजारचा कुणीतरी. बापाची कारखान्यात पाळी असायची. आता पोरगं अशा ठिकाणी निघालं होतं जिथून सुखरूप परत येणं त्याच्या एकट्याच्या हातात नव्हतं, आणि बापाला एकदाच, एकच, त्याच्या खऱ्या उपयोगाची गोष्ट द्यायची होती. शोभेची नाही. पाकिटात ठेवायची नाही. तिथं, त्या वाळवंटात, ऐन वेळी कामी येईल अशी.

*

दुकानात:

जुनं लष्करी सामान विकणारं दुकान. दुकानदार स्वतः सैन्यातून निवृत्त झालेला, कानानं जरा कमी, त्यामुळे सगळ्यांशी ओरडून बोलणारा.

"कुणासाठी?"

"मुलासाठी. बाहेर चाललाय. पहिल्यांदाच."

"मग काही घेऊ नका!"

"अहो, असं कसं. दुकान आहे ना तुमचं?"

"म्हणून काय गळ्यात मारू? बूट कसेत त्याचे?"

"नवे दिलेत. वाळूत घालायचे. घरीच ठेवून गेलाय, तो शेवटच्या ट्रेनिंगला आहे."

दुकानदारानं कपाळाला हात लावला. "कोरे बूट घालून जाणार तो? आमच्यातला एक असाच गेला होता. पाय सोलून निघाले त्याचे. धावायची वेळ आली तेव्हा..." त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "बूट रुळलेले हवेत. बाकी सगळं जाऊ द्या खड्ड्यात."

बाप रिकाम्या हातानं बाहेर पडला तो जवळजवळ पळतच. कारण बापलेकांत नाक वेगळं, रंग वेगळा, स्वभाव तर दोन टोकांचे. पण पायाचं माप एकच होतं.

*

बूट रुळवायची रीत, दुकानदारानं सांगितली तशी:

जाड मोजे घालावेत. नाडी पंज्यावर सैल, घोट्याशी घट्ट. आधी घरात चालावं, मग जिन्यावर, मग दिवसभर. दुखलं तर काढू नयेत. चामड्याला आणि पायाला एकमेकांशी भांडू द्यावं. भांडण मिटलं की बूट तयार.

बापानं एक पायरी गाळली. घरात चालण्यात वेळ कोण घालवणार? तो तडक कामावर घालून गेला.

*

"काय रे, लढाईवर पोरगा चाललाय की तू?"

हा वकील. म्हणजे शेजारच्या मशीनवरचा. कोर्टाची पायरी कधी चढला नव्हता, पण वादात कुणाला ऐकायचा नाही, म्हणून वकील.

"रुळवतोय."

"लग्नाला एवढी वर्षं झाली, बायकोला तुला रुळवता आलं नाही. आणि तू चाललास बूट रुळवायला."

"तू तुझं काम कर."

"दुखतंय ना? तोंडावर दिसतंय."

दुखत होतं. टाचेला फोड आला, फुटला, पुन्हा आला. बाप कुणाला बोलला नाही. उलट त्याला बरं वाटत होतं, आणि तेही सांगण्यासारखं नव्हतं. हा फोड पोराच्या पायाला येणार होता; तो आपण मधल्यामध्ये झेलला. आणखी एक झेलला. असे जितके येतील तितके येऊ देत. आयुष्यात प्रथमच मशीनवरचा दिवस त्याला पोरासाठी खर्च होतोय असं वाटत होतं.

मशीनचं पेडल उजव्या पायाला. दाबलं की पातं खाली, पत्रा कापला, सोडलं की पातं वर. दाबताना उजवा पंजा मुडपायचा आणि सगळं अंग डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर जायचं. दिवसभर. वर्षानुवर्षं. त्याला कुणी विचारलं असतं की तू उभा कसा राहतोस, तर तो म्हणाला असता, हे काय विचारणं झालं? सरळ.

बूट हळूहळू मऊ झाले. मग तर असे मऊ झाले की ते पायात आहेत हे त्याला कळेनासं झालं.

*

मुलगा निघायच्या आदल्या दिवशी घरी आला. केस अगदी बारीक कापलेले. आईनं डोक्यावरून हात फिरवला आणि आत निघून गेली; नळ सुरू झाला, बराच वेळ बंद झाला नाही.

बापानं बूट पुढे ठेवले. पॉलिश केलेले, नाड्या धुतलेल्या. बोलायचं ते बुटांनी बोलावं.

मुलानं ते घातले. उभा राहिला. खोलीतून दारापर्यंत गेला, परत आला. पुन्हा दारापर्यंत गेला.

"कुणी घातले होते हे?"

"बाबांनी," आई पदराला हात पुसत बाहेर आली. "तुझ्यासाठी मऊ केले. स्वतःचे पाय फोडून घेतले, पण काढले नाहीत. मी म्हटलं, अहो, वेड लागलंय का? तर माझ्यावरच डाफरले."

मुलगा खाली बघत होता. डावा बूट बाहेरच्या अंगाला कलला होता. उजव्याच्या पंज्यावर आडवी, खोल घडी. त्याचा पाय त्या घडीत बसत नव्हता, घडी त्याच्या बोटांवर बसत होती.

"छान झालेत," तो म्हणाला.

आणि हे ऐकताच बापाला कळलं. पोरगा त्याच्याशी इतक्या हळू आवाजात कधी बोलला नव्हता. आजारी माणसाशी बोलतात तसं.

"बदलून घे की."

"आता नाही मिळत, बाबा. सामान चढलं सगळं."

"जुने?"

"ते जमा केले."

"मग... तिथं गेल्यावर?"

"छान झालेत म्हटलं ना. मऊ आहेत एकदम."

दुसऱ्या दिवशी दुकानं उघडायच्या आत बाप चांभाराच्या टपरीसमोर उभा होता. चांभारानं बूट उलटे केले, हात आत घातला, चाचपला, परत दिले.

"साचा घालून ताणा ना."

"ताणून देईन. पण तळ बसलाय एका बाजूला. कुणाचे आहेत?"

"माझे," बाप म्हणाला. मग म्हणाला, "मुलाचे."

"एक काहीतरी ठरवा, साहेब."

दुपारी मुलगा ते घालून गेला. खिडकीतून बापाला त्याची पाठ दिसली. खांद्यावर बोजा, बारीक केस, आणि डावीकडे किंचित झुकत, उजवा पाय जरा मुडपून टाकत चाललेला कुणीतरी. बापानं स्वतःला पाठीमागून कधी पाहिलं नव्हतं. कोपऱ्यापर्यंत पाहिलं.

हाक मारली नाही. मारून सांगणार काय होता?

*

त्यानंतर बाप मशीनवर सरळ उभा राहायला बघू लागला. दोन्ही पायांवर सारखा भार. पेडल चुकायला लागलं. पत्रे तिरके कापले जायला लागले. साहेब येऊन बोलून गेले. वकील त्यावर काहीही बोलला नाही, यावरूनच समजावं.

*

मुलाचा फोन सुट्टीच्या दिवशी आला, चित्रासकट. तंबू, पत्र्याची खुर्ची, मागे पांढरं ऊन. आई प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटली. जेवतोस का, झोपतोस का, उन्हात टोपी घालतोस का. तो हो हो म्हणत होता.

"थांब आई, तुला एक गंमत दाखवतो," म्हणून त्यानं फोन कशाला तरी टेकवून ठेवला आणि तंबूच्या पलीकडच्या टोकाला गेला.

अनवाणी होता. पाय धुतलेले, ओले. आणि चालत होता बापासारखा.

"अगं बाई," आई बापाला कोपरानं ढोसत म्हणाली, "बघा तरी! अगदी तुमची चाल. तुमच्यावर गेला हो शेवटी." तिला किती आनंद झाला होता.

मुलगा परत आला. त्याच्या हातात कुत्र्याचं पिल्लू होतं, वाळूच्याच रंगाचं. आई पिल्लाशी बोलू लागली. बापानं तिच्या हातातून फोन घेतला.

"डावा गुडघा दुखतो का रे?"

मुलानं पिल्लू दुसऱ्या हातात घेतलं.

"बाहेरून नाही. आतल्या अंगाला. जिना उतरताना."

"जिना नाहीये इथं," मुलगा म्हणाला. मग पिल्लू खाली सोडून म्हणाला, "धावताना. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"फेकून दे ते बूट."

"आणि घालू काय, बाबा?"

पलीकडून कुणीतरी हाक मारली, मुलानं मान वळवली, "आलो!" म्हणून ओरडला, आणि खाली वाकून, घाईघाईनं, तेच बूट चढवून नाड्या बांधायला लागला.