नाल्यापलीकडे ऐकू जातो तो मी

मी भोंगा आहे. महागावच्या उकंडाचा. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, राखी रंगाचा, तोंडानं रुंद. मला एक जोडीदार आहे, पण तो सुरुवातीपासून खरखरतो. म्हणून सांगायचं काम माझ्याकडे. शाळा मला माहीत नाही. तोंडातून जेवढं गेलं तेवढंच माझं शिक्षण.

उकंडाचा बाप नाल्यापलीकडच्या वरच्या गावात डफडं वाजवायचा. लग्न असो की मयत, बोलावणं आलं की जायचंच. छप्पन साली उकंडानं आणि त्याच्या आईनं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत आल्यावर त्यानं डफडं खुंटीवरून काढलं आणि चुलीत घातलं. "आता कोनाच्या दारी वाजवाले जानार नाही," म्हणाला. पुढच्या वर्षी त्यानं आम्हाला आणलं. मशीन, माईक, मोटारीची बॅटरी आणि आम्ही दोघं. मग ज्याला गरज तो उकंडाच्या दारी येऊ लागला.

भोंगा पारखायची आमच्या वस्तीची एक रीत होती. मला लिंबावर बांधायचं आणि शेजारच्या मारोतीनं नाल्यापलीकडे जाऊन उभं राहायचं. ऐकू आलं की त्यानं डोक्याचा पटका सोडून हलवायचा. पहिल्याच दिवशी मारोतीनं पटका हलवला. तेवढ्यावर माझं नाव झालं. सभा, लग्न, देवीची लस, हरवलेली म्हैस, सगळं मी सांगितलं. म्हैस सापडली.

उकंडाची आई मथुराबाई जात्यावर गायची. आवाज जाड, खालचा. नागपूरच्या वाटेवर चालता चालता तिनं एक गाणं जुळवलं होतं. वाटेत कुठं पाणी मिळालं, कोणी भाकर दिली, कोणाच्या पायाला फोड आले, सगळं त्यात होतं. ते तिच्याशिवाय कुणाला येत नव्हतं. कागदावरही नव्हतं.

एकसष्ट साली जयंतीला ती माईकसमोर उभी राहिली. माझ्या तोंडून तिचा आवाज निघाला तो चिरका आणि नाकातला. आधी पोरं हसली, मग बायाही हसल्या. तिनं दुसरं कडवं घेतलंच नाही. पदर सावरला आणि घरी गेली.

"हा माहा आवाज नोहे," ती उकंडाला म्हणाली. "शेळी वरडल्यावानी. मी आता उभी राहनार नाही."

लांब जायचं तर आवाजाला बारीक व्हावं लागतं. ती माझी चूक नव्हे, माझी घडणच तशी. तरी ते हसणं माझ्याच तोंडामुळे झालं, हे मी नाकारत नाही.

दोन वर्षांनी विहाराची पायाभरणी ठरली. बाया म्हणाल्या, मथुराबाईचं गाणं पाहिजे. मथुराबाई नाही म्हणाली. त्या वर्षी तिला धाप लागू लागली होती. घडा भरून आणताना दोनदा बसायची. उकंडानं ते पाहिलं आणि ठरवलं की दुसरी जोडी आणायची, वेगळ्या आवाजाची. आईला म्हणाला, "चाल, यवतमाळले डोळे दाखवू." मला पोत्यात घालून मोटारीच्या टपावर टाकलं. नव्या आवाजाशी ताडून पाहायला जुना जवळ हवा.

यवतमाळला लखीरामचं दुकान होतं. त्यानं दोन जोड्या पुढं ठेवल्या. एक माझ्यासारखीच, पण मोठी. दुसरी लाकडी पेट्यांची, पुढं कापड लावलेलं, आत कागदाचा पडदा. लखीरामनं तबकडी लावली. उकंडा दुकानातून उठला आणि रस्त्यावर चालत सुटला. मोठा भोंगा त्याला वळणापर्यंत ऐकू आला. पेट्या पानठेल्यापाशीच संपल्या.

"मोठा भोंगा बांधा," तो परत येऊन म्हणाला.

"अरे भाऊ, पेटीले रस्त्यावरून काय ऐकतं?" लखीराम हसला. "हे जवळ बसून ऐकाची चीज हाय."

एवढा वेळ मथुराबाई बाकावर होती. ती उठली. लखीरामनं चालू करून ठेवलेला माईक समोरच होता.

"उकंड्या, डोळे दाखवतो म्हनून आनलं, अन् इथं काय करून राह्यला रे?"

ते पेट्यांतून निघालं. ती दचकून मागं वळली.

"हे कोन बोललं?"

"तूच बोल्ली, माय."

ती माईकजवळ गेली. "उकंड्या, तू लबाड हायस." थांबली. मान हलवली. "हा माहाच हाय."

लखीरामनं तार काढून मला लावली आणि तेच बोलायला सांगितलं. ती बोलली.

"हे आपली शेळी," म्हणाली.

पेट्या घेतल्या. मी पुन्हा पोत्यात.

वस्तीत रीत झाली. मारोती नाल्यापलीकडे जाऊन उभा राहिला. पटका हलला नाही. परत येऊन म्हणाला, "काहून गा उकंडा, झोपल्या काय तुह्या पेट्या?" लोक म्हणाले, फसला.

पायाभरणीच्या दुपारी मी लिंबावर होतो आणि पेट्या मांडवात. मथुराबाई उभी राहिली तसा मारोती पुढं आला. "भोंगाच लाव गा. वरच्या गावाले कसं कयनार आपलं विहार होऊन राह्यलं म्हनून?" चारजण त्याच्या बाजूचे. उकंडाचा हात माझ्या तारेवर थांबला. त्यालाही वरच्या गावाला ऐकवायचं होतं. सहा वर्षं तो त्यासाठीच मला झाडावर चढवत होता.

"ज्याले ऐकाचं तो येईन," मथुराबाई म्हणाली.

उकंडानं माझी तार काढली.

ती गायली. दम लागला की थांबायची, आणि तो दमही पेट्यांतून ऐकू यायचा. कोणी हसलं नाही. मागं उभे असलेले पुढं सरकून बसले. मारोतीही बसला. वरच्या गावच्या दोन बाया विहिरीपर्यंत आल्या. पुढं आल्या नाहीत, पण गाणं संपेपर्यंत गेल्याही नाहीत. मी वरून पाहत होतो. मला तिचा आवाज त्या दिवशीच कळला.

ते गाणं आता तीन-चार बायांना येतं.

अडुसष्टच्या उन्हाळ्यात एका सकाळी उकंडानं मला लिंबावर चढवलं. पेट्यांना हात लावला नाही. माईक तोंडाशी धरला. मग म्हणाला, "मथुराबाई गेली. दहा वाजता नेतो. ज्याले याचं त्यानं यावं."

आवाज चिरकाच निघाला. नाल्यापलीकडे गेला, वरच्या गावात गेला. लोक आले. वरच्या गावचेही आले, आणि या वेळी विहिरीपाशी थांबले नाहीत.

आता माझ्या काठाला पोचा आहे. एक बाजू गंजलेल्या तारेनं बांधली आहे. पेट्यांच्या कागदाला उंदीर लागले होते, म्हणून उकंडा त्या घरात, उंच फळीवर ठेवतो. मला बाहेरच ठेवतो. माझी तक्रार नाही. एवढंच सांगतो: दूरच्याला निरोप द्यायचा असेल तर मला चढवा. गाणं असेल तर माझी तार काढा.